अँडरसनव्हिलमधल्या शिपायाला मारले कोणी?

सुमेधा_जॉर्जिया

गेल्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे अटलांटाला आले होते. त्यांना घेऊन आम्ही दक्षिणेला साधारण दोन तासांवर असलेल्या अँडरसनव्हिलला जाऊन आलो. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी उत्तरेच्या कैद झालेल्या शिपायांसाठी इथे तळ उभारला होता. फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिले कैदी आले आणि पुढच्या चौदा महिन्यांत सुमारे ४५,००० माणसे या कुंपणाआड राहून गेली. त्यांतील जवळजवळ १३,००० तिथेच मेली. सुरुवातीला साडेसोळा एकर जागा १०,००० माणसांसाठी आखली होती. जूनमध्ये ती साडेसव्वीस एकर करण्यात आली, पण ऑगस्टपर्यंत आतली संख्या ३३,००० च्या घरात गेली होती.

आज तिथे फक्त उतरते गवताळ मैदान, मधून वाहणारा बारीकसा ओहोळ आणि कुंपणाची जागा दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांच्या दोन रांगा आहेत. बाहेरची रांग मूळ लाकडी भिंतीची आणि तिच्यापासून सुमारे १९ फूट आतली रांग 'डेड लाइन'ची. ही आतली रेषा ओलांडणाऱ्या किंवा तिला नुसता हात लावणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालावी, असा नियम होता.

खरे सांगायचे तर मैदानापेक्षा दफनभूमीत माझे पाय अधिक अडखळले. तिथले दगड एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत, कारण चरांमध्ये मृतदेह खांद्याला खांदा लावून, शवपेटीशिवाय ठेवले गेले होते. बाबा एका दगडापाशी बराच वेळ उभे होते. तो ओहायोच्या एका पलटणीतल्या साध्या शिपायाचा होता. बाबांनी दगडावरचा क्रमांक आपल्या डायरीत उतरवून घेतला आणि मला विचारले, "याला मारले कोणी?"

मी घाईने तळाच्या अधिकाऱ्याचे नाव सांगितले आणि त्याला फाशी झाली हेही सांगितले. परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. या शिपायाचे नशीब नेमके कोणाच्या हातात होते, याबद्दल इथल्या इतिहासप्रेमी मंडळींची मते वाचायला आवडतील.

गिरीश_वाई

सुमेधाताई, तुम्ही बाबांना सांगितलेले नाव कॅप्टन हेन्री वर्झ यांचे असणार. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले हे गृहस्थ १८६४ च्या वसंत ऋतूपासून कुंपणाच्या आतल्या भागाचे प्रमुख होते. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगापुढे त्यांच्यावर खटला चालला, शंभराहून अधिक साक्षी झाल्या आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. पुढे १९०९ मध्ये दक्षिणेतील महिलांच्या एका संघटनेने त्याच गावात त्यांचे स्मारक उभारले. एकाच माणसाला एका बाजूने खुनी ठरवावे आणि दुसऱ्या बाजूने बळीचा बकरा, इतका हा प्रश्न तिथे आजही जिवंत आहे.

मला वाटते, वर्झ क्रूर होते की नव्हते हा दुसरा प्रश्न झाला. ३३,००० माणसे त्या कुंपणात आणून कोंडण्याचा निर्णय एका कॅप्टनचा असू शकत नाही. कैदी पाठवणारे वरिष्ठ जनरल जॉन विंडर फेब्रुवारी १८६५ मध्येच वारले होते. खटला त्यांच्यावर चालवणे शक्यच नव्हते.

निवृत्त_सुभेदार

मी लष्करात सव्वीस वर्षे काढली. शत्रूच्या हाती लागल्यास नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख एवढेच सांगायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले गेले. पण त्या शिकवणुकीमागचा युद्धकैद्यांसंबंधीचा जिनिव्हा करार दोन देशांमधल्या युद्धासाठी आहे. यादवी युद्धात पकडलेल्या माणसाला आजही तो दर्जा आपोआप मिळत नाही. १९४९ च्या चारही करारांतले समान तिसरे कलम त्याला माणुसकीची वागणूक द्यावी एवढे सांगते. सरकारच्या दृष्टीने तो आधी बंडखोर असतो आणि मग शिपाई.

लिंकन यांच्यापुढे १८६१ मध्ये हीच अडचण होती. दक्षिणेशी कैद्यांची अदलाबदल करायची म्हणजे तिला वेगळे राष्ट्र मानल्यासारखे होणार होते. त्याच वर्षी दक्षिणेच्या परवान्याने समुद्रावर जहाजे लुटणाऱ्या काही खलाशांना उत्तरेने चाचे ठरवून खटल्यात उभे केले. तेव्हा दक्षिणेने आपल्या कैदेतील उत्तरेच्या अधिकाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली आणि आमच्या खलाशांना फाशी दिलीत तर यांनाही देऊ असे कळवले. न्यूयॉर्कच्या ६९ व्या पलटणीचे कर्नल मायकेल कॉर्कोरन यांचे नाव त्यांत होते. अखेर उत्तरेने खलाशांना युद्धकैदी मानले आणि कोणालाच फाशी झाली नाही.

मग २२ जुलै १८६२ रोजी दोन्ही बाजूंच्या जनरलांनी, म्हणजे डिक्स आणि हिल यांनी, अदलाबदलीचा करार केला. त्यात माणसांचा भाव ठरवला होता. शिपायाला शिपाई, सार्जंटला दोन शिपाई, लेफ्टनंटला चार, कॅप्टनला सहा, कर्नलला पंधरा आणि सरसेनापतीला साठ. पकडल्यापासून दहा दिवसांत कैद्याला पॅरोलवर सोडायचे, म्हणजे रीतसर अदलाबदल होईपर्यंत शस्त्र धरणार नाही असे वचन घेऊन परत पाठवायचे. करार नीट चालला तोवर ओहायोचा शिपाई फार तर काही आठवडे शत्रूकडे काढून उत्तरेतल्या छावणीत परतला असता. त्यामुळे माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की हा करार कोणी मोडला.

डॉ_मृणाल

करार मोडला म्हणून माणूस मरत नाही, तो कशाने तरी मरतो. त्यामुळे वैद्यकीय बाजू मांडते.

तळातून वाहणारा ओहोळ पिण्यासाठी, आंघोळीसाठी आणि शौचासाठी असा तिन्ही कामांना वापरला जात होता. त्यातही तो कुंपणात शिरण्याआधी पहारेकऱ्यांच्या छावणीची आणि स्वयंपाकघराची घाण घेऊनच येत होता. उतारावरून पाणी वाहून जाण्याऐवजी दोन्ही काठांवर दलदल झाली. त्यातून अतिसार आणि आमांश पसरले. शिधा म्हणून मिळणाऱ्या मक्याच्या पिठात कणसाचा बुरकुंडाही दळलेला असे. ते पीठ न चाळता दिले जाई आणि आधीच सुजलेल्या आतड्यांना ते सोसत नसे. ताजी भाजी आणि फळे नसल्यामुळे स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून दात हलू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या आणि किरकोळ खरचटल्याचेही गँगरीन होऊ लागले. दक्षिणेच्याच सैन्यातील डॉ. जोसेफ जोन्स यांनी सप्टेंबर १८६४ मध्ये तिथे जाऊन सविस्तर पाहणी केली होती. त्यांचा अहवाल पुढे वर्झ यांच्या खटल्यात पुरावा म्हणून आला.

'दक्षिणेकडे स्वतःलाच खायला नव्हते' हे समर्थन वारंवार केले जाते. धान्य आणि औषधांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पहारेकरीही आजारी पडून मरत होते. परंतु तळाच्या चहूबाजूंना पाइनचे रान होते. तरी आतल्या माणसांना निवारा बांधायला पुरेसे लाकूड मिळाले नाही आणि जळणही पुरले नाही. त्यांनी काठ्या आणि फाटक्या घोंगड्यांचे आडोसे केले, काहींनी जमिनीत खड्डे खणून त्यात दिवस काढले. लाकूड तोडायला आणि ओहोळाच्या वरच्या अंगाला शौचकूप न ठेवायला तिजोरी लागत नाही. ऑगस्टमध्ये रोज सुमारे शंभर माणसे मरत होती. एवढे मृत्यू डोळ्यांसमोर होत असताना हे साधे उपाय झाले नाहीत, याला मी तुटवडा म्हणणार नाही.

रानजाई

ऑफिसात आपण रोज म्हणतो ती 'डेडलाइन' हीच का?

सुमेधा_जॉर्जिया

रानजाई, होय, तो शब्द त्या काळी याच रेषेमुळे सर्वांना ठाऊक झाला. वेळेच्या मर्यादेचा अर्थ त्याला बराच नंतर चिकटला. माहितीफलक वाचल्यापासून माझ्या तोंडी तो शब्द सहज येत नाही.

अविनाश_अमरावती

सुभेदारसाहेबांनी विचारले आहे म्हणून स्पष्ट लिहितो. करार मोडण्याचे खापर दक्षिणेवर फोडले जाते, पण १८६४ च्या उन्हाळ्यात अदलाबदल नको असे ठरवणारी व्यक्ती उत्तरेची होती. उत्तरेचे सरसेनापती जनरल ग्रँट यांनी १८ ऑगस्ट १८६४ रोजी आपल्याच बाजूचे जनरल बटलर यांना कळवले की दक्षिणेच्या तुरुंगातील आपल्या माणसांना न सोडवणे त्यांच्यावर कठोर आहे, पण रणांगणावर उरलेल्यांच्या दृष्टीने तेच माणुसकीचे आहे. त्यांचा हिशेब उघड होता. उत्तरेकडे माणसांची कमतरता नव्हती आणि दक्षिणेकडे होती. सुटलेला दक्षिणी शिपाई दुसऱ्या महिन्यात पुन्हा बंदूक घेऊन समोर उभा राहणार, तर अँडरसनव्हिलमधून सुटलेला उत्तरेचा माणूस उभाही राहू शकणार नव्हता.

ग्रँट यांना हा अनुभव आधी आला होता, हेही खरे. जुलै १८६३ मध्ये मिसिसिपी नदीवरचे दक्षिणेचे ठाणे व्हिक्सबर्ग पडले तेव्हा त्यांनी जवळजवळ ३०,००० दक्षिणी सैनिक पॅरोलवर सोडले. दक्षिणेचे अदलाबदल अधिकारी रॉबर्ट ओल्ड यांनी त्यांतल्या अनेकांची अदलाबदल झाली असे परस्पर जाहीर केले आणि त्यांतली काही माणसे त्याच वर्षी पुन्हा लढायला उतरली.

तरीही माझा मुद्दा शिल्लक राहतो. सुमेधाताईंच्या बाबांनी पाहिलेल्या त्या शिपायाने ज्या सरकारसाठी बंदूक उचलली, त्याच सरकारने त्याला जमाखर्चात खर्ची टाकले. शत्रूने उपाशी ठेवले त्यापेक्षा आपल्यांनी परत न मागितले, हे मला अधिक भयंकर वाटते.

कोल्हापूरचा_शिरीष

अविनाशराव, तुम्ही वऱ्हाडचे आहात म्हणून आठवण करून देतो. याच युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये शांतता होताच बुडाल्या. ओहायोचा तो पोरगा त्या कुंपणात मरत होता तेव्हा आपल्याकडे काही घरांत त्याच युद्धाच्या पैशाने सोने येत होते, हा विचार धागा वाचताना मनातून जात नाही.

सावित्रीची_लेक

अविनाशराव, तुमची तळमळ मला पोहोचते. परंतु तुमच्या मांडणीत ज्या माणसामुळे करार मोडला, तोच दिसत नाही. तो काळा शिपाई आहे.

१८६३ पासून उत्तरेच्या सैन्यात काळे सैनिक मोठ्या संख्येने येऊ लागले. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सुमारे १,८०,००० झाली आणि त्यांतले बरेचसे गुलामगिरीतून सुटून आलेले होते. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी डिसेंबर १८६२ मध्येच जाहीर केले होते की पकडलेले काळे सैनिक युद्धकैदी मानले जाणार नाहीत. त्यांना राज्यांच्या स्वाधीन केले जाईल, म्हणजे पुन्हा गुलाम केले जाईल किंवा बंडाच्या गुन्ह्याखाली शिक्षा होईल. त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही तेच लागू होणार होते. मे १८६३ मध्ये दक्षिणेच्या काँग्रेसनेही त्याच धर्तीचा ठराव केला. लिंकन यांनी ३० जुलै १८६३ च्या आदेशाने उत्तर दिले की आमच्या सैनिकाला, त्याचा रंग कोणताही असो, गुलाम केलेत तर तुमच्या कैद्याला सक्तमजुरीला जुंपू. अदलाबदल १८६३ च्या उन्हाळ्यात बंद पडली ती या मुद्द्यावर. तेव्हा ग्रँट सर्व सैन्यांचे प्रमुखही झाले नव्हते. ते पद त्यांना मार्च १८६४ मध्ये मिळाले. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, टेनेसीतील फोर्ट पिलो येथे शरण येत असलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल झाली. त्या शिपायांना तर कैदी होण्याचे भाग्यही लाभले नाही.

ऑक्टोबर १८६४ च्या सुरुवातीला दक्षिणेचे सेनानी जनरल ली यांनी ग्रँट यांच्याकडे माणसाला माणूस अशी अदलाबदल मागितली. ग्रँट यांनी विचारले की यात काळे सैनिकही आहेत का. ली यांनी कळवले की आमच्या नागरिकांच्या मालकीचे काळे लोक अदलाबदलीस पात्र मानले जात नाहीत. त्या एका उत्तरावर बोलणे थांबले. हे उत्तर 'हो' असे आले असते, तर कितीतरी माणसे हिवाळ्याआधी घरी गेली असती. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेने सर्व कैद्यांची अदलाबदल करायची तयारी दाखवली आणि गाड्या-बोटी पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे ते शक्य होते. आधी करायचे नव्हते, एवढेच.

अँडरसनव्हिलमध्येही सुमारे शंभर काळे कैदी होते. त्यांतले अनेक फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातील ओलस्टी येथे पकडलेले होते. त्यांच्यासोबत पकडले गेलेले मेजर आर्चिबॉल्ड बोगल गोरे होते, पण काळ्या पलटणीचे अधिकारी असल्यामुळे त्यांच्या जखमांवर उपचारही नाकारले गेले. त्यांनी नंतर खटल्यात साक्ष दिली.

आपल्या भाषेत हा विषय लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना जो त्याग दिसला, त्यात अँडरसनव्हिलची माणसेही होती असे मी मानते.

अविनाश_अमरावती

सावित्रीची लेक, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. अदलाबदल आधी कशामुळे बंद पडली, याबाबत माझी मांडणी अपुरी होती हे मान्य करतो. काळ्या शिपायाला सोडून देऊन गोऱ्या शिपायाला परत आणणारे सरकार कोणत्या तोंडाने लढले असते, हाही प्रश्न आता माझ्यापुढे आहे.

एका जागी मात्र मी अडतो. फुल्यांनी गौरवलेला त्याग हा स्वेच्छेने केलेला त्याग होता. कुंपणातल्या त्या मुलाला कोणी विचारले होते का? तत्त्व योग्य असले तरी त्याची किंमत ठरवणारे एका जागी सुरक्षित होते आणि ती चुकवणारा दुसऱ्या जागी होता. ग्रँट यांनी ऑगस्टमध्ये तत्त्वाचा उल्लेख न करता संख्येचा हिशेब सांगितला, हेही विसरता येत नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

मुक्ता_ठाणे

'कोणी विचारले होते का' याला थोडे उत्तर आहे. जुलै १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या कैद्यांनी अदलाबदल पुन्हा सुरू करावी असा अर्ज आपल्या सरकारसाठी तयार केला आणि तो घेऊन काही कैद्यांना उत्तरेकडे जाऊ देण्यात आले. त्या अर्जाने धोरण बदलले नाही. म्हणजे ते बोलले होते, त्यांचे ऐकले गेले नाही.

कैद्याला अगदी कोणताच पर्याय नसतो, असेही मला वाटत नाही, मात्र जे पर्याय होते ते सगळेच भयानक होते. उत्तरेच्या तुरुंगांत दक्षिणेच्या शिपायाला सांगितले जाई की निष्ठेची शपथ घे आणि उत्तरेच्या गणवेशात पश्चिम सरहद्दीवर चाकरीला जा, म्हणजे आपल्याच भावंडांविरुद्ध लढावे लागणार नाही. सुमारे ६,००० जणांनी ते स्वीकारले आणि त्यांच्या सहा पलटणी झाल्या. मागे राहिलेल्यांनी त्यांना गद्दार म्हटले. भूक आणि थंडी यांच्यापुढे दिलेल्या शपथेला निष्ठा म्हणावे की फितुरी, याचा निवाडा मला करता येत नाही.

दुसरा मार्ग पळून जाण्याचा होता. अँडरसनव्हिलच्या आतून भुयारे खणली गेली, पण बाहेर शिकारी कुत्री माग काढत आणि बहुतेक जण पुन्हा पकडले जात. जे निसटले त्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. रात्री दार वाजवल्यावर गुलामांच्या झोपड्यांतून त्यांना मक्याची भाकरी आणि पुढची वाट मिळाली. पकडले गेल्यास त्या गुलामांची काय गत झाली असती, हे सांगायला नको.

तिसरा मार्ग आपल्याच माणसांना लुटण्याचा. तळात 'रेडर्स' नावाची टोळी झाली होती. ती नव्याने आलेल्यांचे घोंगडे, घड्याळ आणि शिधा हिसकावून घेत असे आणि विरोध करणाऱ्यांना ठार मारत असे. शेवटी कैद्यांनीच वर्झ यांच्या परवानगीने त्यांना पकडले, कैद्यांचेच पंच बसवून खटला चालवला आणि ११ जुलै १८६४ रोजी सहा जणांना कुंपणाच्या आत फाशी दिली.

गिरीश_वाई

चर्चा दक्षिणेच्या तळावरच थांबू नये म्हणून हे जोडतो. दक्षिणेचा साधा शिपाई उत्तरेत पकडला गेला तर काय होत असे? न्यूयॉर्क राज्यातील एल्मायराचा तळ जुलै १८६४ मध्ये सुरू झाला. तिथे आलेल्या सुमारे १२,१०० कैद्यांपैकी जवळजवळ ३,००० मेले, म्हणजे चारांतला एक. आसपास धान्याचा तुटवडा नव्हता आणि रेल्वेही सुरळीत चालू होती. तरी बराकी अपुऱ्या होत्या, उबदार राज्यांतून आलेली माणसे थंडी पडू लागल्यावरही तंबूंत होती आणि तळातले साचलेले तळे रोगाचे घर झाले होते. कुंपणाबाहेर कोणी मनोरे उभारून, पैसे घेऊन लोकांना कैदी दाखवत होते. शिकागोच्या कँप डग्लसमध्ये ४,००० हून अधिक मेले. दक्षिणेतील हालांची बातमी आल्यावर उत्तरेने १८६४ मध्ये आपल्या कैद्यांचा शिधा मुद्दाम कमी केला होता. मृणालताई, तुम्ही तुटवडा आणि हयगय यांत जो फरक केलात तो इथे अधिकच लागू पडतो.

एल्मायरात एक माणूस होता, त्याचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जॉन डब्ल्यू. जोन्स १८४४ मध्ये व्हर्जिनियातून, गुलामीतून पळून आलेले आणि तिथल्या दफनभूमीची व्यवस्था पाहणारे. गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्यातले हे जवळजवळ ३,००० मृतदेह त्यांनी पुरले आणि प्रत्येकाचे नाव, पलटण व तारीख इतकी काळजीपूर्वक नोंदवली की मोजके सोडले तर सर्वांची ओळख आज पटते. त्यांना त्या कामाचे दर दफनामागे अडीच डॉलर मिळत होते. पैसे घेऊन तेच काम निष्काळजीपणे करणारेही त्या काळी पुष्कळ होते.

निवृत्त_सुभेदार

गिरीशरावांनी नोंदीचा विषय काढला ते बरे झाले. आमच्या गळ्यात क्रमांकाची चकती असे. त्या युद्धात सरकारकडून अशी कोणतीही चकती मिळत नव्हती. लढाईच्या आदल्या रात्री शिपाई कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहून ते कोटाला टाचत. मग अँडरसनव्हिलच्या चरांतील १३,००० जणांची नावे कशी उरली?

डॉरेन्स ॲटवॉटर नावाचा कनेक्टिकटचा मुलगा १८६३ च्या जुलैमध्ये पकडला गेला होता. हस्ताक्षर चांगले म्हणून त्याला अँडरसनव्हिलच्या इस्पितळात मृतांची नोंदवही लिहायला बसवले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ही वही उत्तरेला कधीच मिळणार नाही अशी शंका येऊन त्याने तिची दुसरी प्रत चोरून लिहिली आणि सुटताना कोटाच्या अस्तरात दडवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या क्लारा बार्टन, ॲटवॉटर आणि उत्तरेच्या सैन्यातले कॅप्टन जेम्स मूर यांची तुकडी ती यादी घेऊन अँडरसनव्हिलला गेली. चरांवरचे क्रमांक यादीशी जुळवून नावांच्या पाट्या लावल्या गेल्या. केवळ ४६० थडगी अज्ञात राहिली. १७ ऑगस्ट १८६५ रोजी बार्टनबाईंच्या हस्ते तिथे निशाण चढले.

आणि याच मुलाला त्याच्या सरकारने पुढे काय दिले? यादी कोणाची, यावरून वाद झाला, लष्करी न्यायालयाने त्याला चोरीच्या आरोपाखाली दोषी धरले आणि तो पुन्हा तुरुंगात गेला. दोनेक महिन्यांत सुटका झाली आणि १८६६ मध्ये त्याची यादी छापली गेली, तेव्हा हजारो घरांना आपला मुलगा कुठे आहे ते कळले. बाकी धाग्यातल्या मतभेदांत मी कोणा एका बाजूचा नाही. पण शिपाई म्हणून विचाराल तर मरणापेक्षा बेनाव मरण्याची भीती मोठी असते. मी ती अनुभवली आहे.

नदीकाठ

सुटलेल्यांची एक नोंद राहून गेली आहे. एप्रिल १८६५ मध्ये अँडरसनव्हिल आणि अलाबामातील कहाबा इथून सुटलेले कैदी व्हिक्सबर्गला जमवून मिसिसिपी नदीतून घरी पाठवले जात होते. 'सुलताना' या आगबोटीवर ३७६ माणसांची सोय होती आणि तिच्यावर २,००० हून अधिक चढवली गेली. माणशी भाडे मिळत असल्यामुळे गर्दीला कोणी अडवले नाही. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसच्या वरच्या बाजूला तिचे बॉयलर फुटले. हजाराहून अधिक माणसे भाजून किंवा पुराच्या थंड पाण्यात बुडून मेली. पोहण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात उरलेली नव्हती. लिंकन यांच्या हत्येच्या बातम्यांत ही बातमी दबून गेली.

अविनाशराव, माणसाला हिशेबात धरण्याचे तुम्ही म्हणालात ते इथे शेवटच्या टप्प्यातही सुटले नाही. आधी ते अदलाबदलीचे नग होते, मग भाड्याचे.

सुमेधा_जॉर्जिया

सर्वांचे प्रतिसाद मी काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवले. पुण्यात सकाळ होती आणि ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी सावित्रीच्या लेकीचा प्रतिसाद पुन्हा वाचायला सांगितला आणि नंतर अविनाशरावांचा दुसरा.

मी स्वतः आता असे मानते की ज्या सरकारने काही शिपायांना माल ठरवले, त्याने या मरणाचे दार उघडले. त्याने हट्ट सोडला असता तर ३३,००० माणसे तिथे जमलीच नसती. ग्रँट यांच्या हिशेबाला मी त्याच पारड्यात घालणार नाही, पण तो हिशेब झाला होता हेही मी यापुढे कोणापासून लपवणार नाही. वर्झ यांचे नाव मी सर्वात आधी घेतले होते, ते आता सर्वात शेवटी घेईन. मृणालताईंनी लिहिलेले लाकूड आणि ओहोळ मात्र त्यांच्या आणि विंडर यांच्याच खात्यावर राहतील.

मुक्ता, त्या सहा जणांची थडगी आम्ही पाहिली होती. ती इतरांपासून वेगळी, एका बाजूला आहेत, आणि आपल्याच लोकांनी त्यांना सन्मानापासून कायमचे दूर ठेवले आहे हे तेव्हा मला कळले नव्हते. ओलस्टीच्या शिपायांची थडगी मी शोधली नाहीत, ती राहिली. पुढच्या खेपेला त्यांच्यापासून सुरुवात करणार आहे.

सुभेदारकाका, तुमचा प्रतिसाद आल्यावर बाबांनी डायरीतला क्रमांक मला पाठवला आणि मी तो ॲटवॉटरच्या यादीशी ताडून पाहिला. ओहायोचा शिपाई, ऑगस्ट १८६४. यादीत प्रत्येक नावापुढे मृत्यूच्या कारणाचा रकाना आहे. त्याच्या नावापुढे स्कर्व्ही लिहिले आहे.